जांभळीखालची दरड

नदीकाठच्या एका रानात एक काटेरी साळू राहत असे. तिचे दिवस भरत आले होते, आणि जुने बीळ म्हशींच्या पायांखाली पार खचून गेले होते. पाणवठ्यावर जांभळीखाली एक उंच दरड होती. तिथली माती कोरडी आणि घट्ट. तिथेच बीळ करायचे तिने मनाशी ठरवले. पण मुलांनो, कुणीही उठावे आणि कुठेही उकरावे, अशी त्या रानाची रीत नव्हती. आधी कोल्ह्याची परवानगी घ्यावी लागे.

कोल्हा नेमका त्याच दरडीआड दबा धरून पाण्यावर येणारे ससे टिपत असे. त्याला तिथे शेजार कसा चालणार? साळू परवानगी मागायला आली, तेव्हा तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "नाही म्हणजे नाही! तुझ्या बिळाने दरड ढासळेल आणि सगळ्यांचे पाणी गढूळ होईल."

साळूच्या अंगावरचे काटे रागाने उभे राहिले. ती तडक थोरल्या हत्तिणीकडे गेली. कोल्ह्याच्या नकारावर दाद मागायची ती तिच्याकडेच. "आजी, तो मेला माझ्यावर डूख धरून आहे," ती रडत रडत म्हणाली.

"असेल गं बाई," हत्तीण शांतपणे म्हणाली, "पण तेवढ्यावर मला निकाल देता येत नाही. दरड ढासळेल असे कारण त्याने दिले आहे. ते खरे की खोटे, एवढेच मी पाहणार. पौर्णिमेला स्वतः येईन, शेजाऱ्यांना विचारीन, आणि मग सांगेन तो शब्द शेवटचा. तोवर तिथल्या मातीला कुणी नख लावायचे नाही."

त्या दरडीतच खंड्याचे घरटे होते. तो म्हणाला, "साळूताई, काळजी करू नकोस. माझा बाप याच दरडीत जन्मला. जांभळीच्या मुळांनी ती आवळून धरली आहे. मी सांगेन ना आजीला!"

साळूला धीर आला खरा, पण पोटातली पिल्ले ढुशा देऊ लागली आणि पौर्णिमा काही केल्या येईना. 'निकाल माझ्याच बाजूने लागणार, मग थोडे उकरले तर काय बिघडले?' असे म्हणून एका सांजेला तिने माती ओढायला सुरुवात केली. आणि साळूच ती! मूळ आडवे आले की कुरतडायचे, ही तिच्या जातीची सवय. एक कुरतडले, दुसरे कुरतडले, गोड लागले म्हणून तिसरेही कुरतडले.

पौर्णिमेच्या सकाळी हत्तीण आली, तेव्हा दरड पाण्यात कोसळून पडली होती. खंड्याचे घरटेही तिच्याबरोबर गेले होते. "बघा, मी म्हणालो नव्हतो?" कोल्हा पुढे सरसावून म्हणाला.

हत्तिणीने उघड्या पडलेल्या मुळांवरून सोंड फिरवली. दातांचे व्रण तिला लगेच कळले. "अगं, केवढी जाड मुळे ही! यांच्या जोरावर दरड तुझ्या नातवंडांपर्यंत उभी राहिली असती. कोल्हा खोटे बोलला होता. त्याचे खोटे तू खरे करून दिलेस. आता मी काय निकाल देऊ?"

 पोट सावरत साळू माळाकडे चालू लागली, तिथे नुसते दगड होते. साक्ष द्यायला आलेला खंड्या जांभळीवर बसून तिच्याकडे पाहत राहिला, पण त्याने तिला हाक मारली नाही.

तात्पर्य : दाद मागावी, तशी निकालापर्यंत कळही सोसावी, उतावळा आपली खरी बाजू आपल्याच हाताने खोटी पाडतो आणि आपल्यासाठी उभे राहणाऱ्याचेही घर बुडवतो.