गव्याच्या तोंडाला लागलेले हिरवे

एका डोंगराळ रानात गव्यांचा मोठा कळप होता. त्यातला एक गवा इतरांहून हातभर उंच, पण स्वभावाने बुजरा. कळपाने त्याला राजा निवडले, तेव्हा तो करवंदीच्या जाळीमागे जाऊन लपला. शिंगे वर दिसत होती, म्हणून सापडला. सगळे हसले. तोही हसला.

त्या रानात एक रीत होती. झऱ्याकाठचे ओले गवत उन्हाळ्यात कोणी खायचे नाही. शेवटच्या कोरड्या महिन्यात त्या रानात दुसरीकडे गवताची काडी उरत नाही. तेव्हा ते फक्त तान्ह्या वासरांच्या आयांसाठी. टिटवी वरच्या माळावर अंडी घाली. पिले चालू लागली की ती खाली येऊन ओरडे आणि गवत मोकळे होई. तोवर राखण राजाची.

राजा राखणीला उभा राहिला. आठ दिवस त्याने नुसता वास घेतला. नवव्या दिवशी कडेचा एक घास खाल्ला. गवत कडू तर झाले नाही ना, हे पाहायला. कडू नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. मुलांनो, कडू की गोड हे किती वेळा पाहावे लागते? टिटवी उतरली तेव्हा झऱ्याकाठी नुसते खुंट उरले होते. एका आईचे दूध आटले होते आणि तिचे वासरू नीट उभे राहत नव्हते.

टिटवीने विचारले, "राजा, गवत राखलेस का?"

"रीत आहे तसेच केले."

"मग तोंडाला हिरवे काय लागले आहे?"

गव्याने मान फिरवली. आधी म्हणाला, तरण्या गव्यांनी ऐकले नाही. तरणे गवे तर महिनाभर पलीकडच्या खोऱ्यात बांबूचा पाला शोधत होते. मग म्हणाला, "त्यातले कोवळे मी तुझ्यासाठीच काढून ठेवले होते."

"मी गवत खाते का रे?" टिटवी म्हणाली. "भूक सगळ्यांना लागते. 'मी खाल्ले' एवढे बोलला असतास, तर कळपाने तुला सांभाळून घेतले असते."

गव्याने आवाज खाली आणला. "चुकलो. पण सगळ्यांसमोर माझ्याबरोबर चार पावले चाल. माझी लाज राख."

टिटवी चालली. कळपाने माना लववल्या. पण एवढ्या वेळात राजाने त्या वासराची एकदाही विचारपूस केली नाही, हे एका म्हाताऱ्या गाईने पाहिले होते.

सकाळी ती त्या वासराला नाकाने ढकलत पलीकडच्या खोऱ्याकडे निघाली. मागे त्याची आई, मग इतर आया, मग सारा कळप. तिथल्या पाल्यावर आईला पुन्हा दूध आले आणि वासरू वाचले. गवा झऱ्याकाठी उभा राहिला, सगळ्यांहून उंच. पण उंची मोजायला शेजारी कोणी नव्हते.

फार पूर्वी इस्राएल देशात शौल नावाचा राजा होता. तोही सगळ्यांहून उंच, तोही आधी लपलेला. पुढे लढाईत जिंकलेली शत्रूची गुरेमेंढरे ठेवू नकोस अशी देवाची आज्ञा असताना त्याने ती ठेवून घेतली आणि दोष लोकांवर ढकलला. त्याचेही राज्य गेले.

तात्पर्य : मोठ्या जागेवरच्याने आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी. ती दुसऱ्यावर ढकलून जो मान राखू पाहतो, त्याच्याजवळ मानही राहत नाही आणि आपली माणसेही.