उंबऱ्यावरची साळुंकी

एका राज्यात एक रीत होती. घरधन्यानं पहिला घास उचलण्याआधी उंबऱ्यावर उभं राहायचं, रस्त्याकडे तोंड करायचं आणि हाक द्यायची, "कोणी जेवायचं राहिलंय का हो?" ओ आली तर त्याला पानावर घ्यायचं. नाही आली तर मग आपण जेवायचं. गरीब असो, श्रीमंत असो, रीत एकच. राजासुद्धा चुकत नसे. राजाची हाक लांबवर जावी म्हणून राजवाड्याची भोजनशाळाच मुळी हमरस्त्यावर उघडत होती.

राजाचं नाव वीरधवल, राणीचं वेलावती. राणी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती तिकडे असताना इकडे एके दिवशी राजाच्या हाकेला ओ आली.

"मी राहिलोय."

धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता तो. त्याचे केस धुराचे होते. वाऱ्यानं विरत आणि पुन्हा उगवत. खांद्यावर एक साळुंकी बसलेली. राजानं त्याला पाट दिला, पोटभर वाढलं. हात धुऊन मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्या कणग्या भरलेल्या, विहिरी भरलेल्या. हे सगळं कशासाठी?"

"प्रजा जगावी म्हणून."

"प्रजा कशासाठी जगावी?"

"सुखानं नांदावी म्हणून."

"आणि ते सुख कशासाठी?"

"ते मला ठाऊक नाही." मांत्रिक म्हणाला, "माझंही तिथंच अडलं आहे. सगळ्याच्या वर असं एक चांगलं असलं पाहिजे, की त्याच्यापुढे 'कशासाठी' उरत नाही. मला ते हवं आहे. माझी साळुंकी तुझ्या दारी ठेवून जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला ती विचारील. ज्याचं उत्तर संपेल तो पायापासून दगड होत जाईल. दगड काळजाला लागायला वेळ लागतो. तोवर कोणाला तरी सुचेल."

त्यानं साळुंकीला पिंजऱ्यात घालून पिंजरा भोजनशाळेच्या आत, उंबऱ्यालगतच्या तुळईला टांगला आणि तो निघून गेला.

साळुंकी एकच प्रश्न विचारायची. कशासाठी. राजानं घास उचलला, साळुंकीनं विचारलं, आणि घास हातातच राहिला. मग तो प्रश्न वाड्यातून गल्लीत गेला, गल्लीतून शिवारात गेला. कुंभाराचं चाक थांबलं. नांगर अर्ध्या सरीतच थांबला. पाणी शेंदणारी बाई दोर धरून उभी राहिली ती उभीच.

इकडे राणी बाळाला घेऊन सासरी निघाली. पाठराखणीला भाऊ होता, जयकेतू. मोठा हसरा माणूस. वाटभर बहिणीला चिडवत आला. "ताईसाहेब, भाचेराजांचं नाक आमच्याकडचं हो! दाजींना सांगा, आता तंटा नको."

भोजनशाळेशी आले तर आत राजा पानावर बसलेला, कमरेपर्यंत दगड. जयकेतू पुढे धावला. साळुंकी म्हणाली, "कशासाठी?"

"बहिणीला पोचवायला."

"ते कशासाठी?"

"संसार करील बिचारी आपला."

"तो कशासाठी?"

"अगं बये, तुला दुसरं काही शिकवलंय की नाही कोणी?" म्हणून तो हसला. हसू ओठावर राहिलं आणि पाय फरशीला चिकटले.

राणी बाहेरच उभी राहिली. तिनं उंबरा ओलांडला नाही. आतून राजा बोलला. अजून त्याला बोलता येत होतं. "वेलावती, आत येऊ नकोस. मला लांबूनच बाळ दाखव."

तिनं बाळ उचलून धरलं. राजानं बघितलं. डोळे भरले.

"महाराज, मी उत्तर घेऊन येते," राणी म्हणाली. आणि बाळाला पाठीशी बांधून ती फिरली.

वेशीबाहेरच्या वडावर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणी, तिघांना उत्तर माहीत आहे म्हणतात. सुखाचं तळं, ज्ञानाचा डोंगर, नेमाचं नगर. तिन्हीकडून खूण आण. मात्र तुझ्या बाळाला पहिला दात येईल, त्या दिवशी दगड राजाच्या काळजाला लागेल."

राणी चालू लागली.

सुखाच्या तळ्याचं पाणी कोमट होतं. त्यात माणसं गळ्यापर्यंत बसली होती. त्यांना भूक नव्हती, आजार नव्हता, चिंता नव्हती. काठाशी एक बाई डोळे मिटून होती. राणीनं विचारलं, "बाई, तुमची मुलंबाळं कुठं आहेत?"

"असतील कुठंतरी. आठवली की दुखतं. म्हणून आठवत नाही." बाईनं पाण्यातलं एक कमळ तोडून दिलं. "हे घेऊन जा. ह्याच्या वर काही नाही."

ज्ञानाच्या डोंगरावर एक मुनी बसला होता. मुंग्यांनी त्याच्या मांडीवर वारूळ केलं होतं. कुठला तारा कधी उगवला आणि कधी विझेल, सगळं त्याला ठाऊक. राणी चढून वर गेली तेव्हा बाळ तहानेनं रडत होतं. मुनीजवळ पाण्याचा कमंडलू भरलेला होता.

"महाराज, बाळ रडतंय."

"का रडतंय ते मला ठाऊक आहे," मुनी शांतपणे म्हणाला, आणि बसून राहिला.

राणीनंच कमंडलू उचलला, बाळाला पाणी पाजलं. मुनीनं ओंजळीतली एक ज्योत तिला दिली. वाऱ्यानं न विझणारी. "जाणणं. ह्याच्या वर काही नाही."

नेमाच्या नगरात वेशीवर कोणी अडवलं नाही. पहारेकऱ्यानं खाली मान घालूनच ओसरी दाखवली, भाकरी दिली, बाळासाठी दूध दिलं. राणी म्हणाली, "दादा, फार उपकार झाले."

"उपकार नाहीत. नेम आहे. तुम्ही नसता, दुसरं कोणी असतं, तरी हेच दिलं असतं."

"एकदा बाळाकडे बघा तरी. किती हसतंय तुमच्याकडे!"

"बघितलं तर मन एकाकडे जास्त झुकतं," पहारेकरी म्हणाला. त्यानं एक लोखंडी किल्ली दिली. "जे करायचं ते करायचंच. ह्याच्या वर काही नाही."

राणीला तिन्ही ठिकाणं खोटी वाटली नाहीत. कोमट पाणी बरं वाटलं होतं. ज्योतीनं वाट दिसली होती. आणि त्या दुधावरच बाळ तगलं होतं. पण मनाला पुरतंय असंही वाटेना. काय कमी आहे ते तिला सांगता येत नव्हतं. ती पाय उचलत घराकडे आली.

वेशीशी पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. बाळ तिचं बोट चावत होतं. बोटाला काहीतरी टोचलं. राणीनं बाळाचे ओठ उघडून बघितले. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात.

ती धावत भोजनशाळेशी गेली आणि उंबऱ्यावर चढली. राजा छातीपर्यंत दगड झाला होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"कशासाठी?" साळुंकी म्हणाली.

राणीनं कमळ पुढे केलं. "सुखासाठी."

"ते कशासाठी?" कमळ कोमेजलं. राणीची पावलं उंबऱ्यावर दगड झाली.

तिनं ज्योत पुढे केली. "जाणण्यासाठी."

"ते कशासाठी?" ज्योत विझली. दगड गुडघ्यांना आला.

तिनं किल्ली पुढे केली. "करायचं म्हणून करायचं."

साळुंकी थोडी थांबली. मग हळूच म्हणाली, "ते कशासाठी?" किल्लीचे दोन तुकडे झाले आणि दगड कमरेला आला.

झालं. राणीजवळ आता काही उरलं नव्हतं. समोर नवरा, बाजूला भाऊ, कुशीत लेकरू. तिला रडूही येईना. पदराच्या गाठीला नेमाच्या नगरातली अर्धी भाकरी होती. तिनं विचार केला, हात अजून हलताहेत. दोन घास खाल्ले तर बाळाला दूध तरी येईल. तिनं गाठ सोडली. भाकरी तोंडाशी नेली आणि थांबली. हाक द्यायची राहिली होती.

पण रस्त्याकडे वळायला कंबर हलेना. ती बाहेरून आली होती आणि आली तशीच, आत तोंड करून, उंबऱ्यावर अडकली होती. त्या राज्यात आजवर कोणी घराच्या आत तोंड करून ती हाक दिली नव्हती. घरातलं कोणी कशाला उपाशी असेल, असंच सगळे धरून चालले होते.

राणीनं आत बघत हाक दिली, "कोणी जेवायचं राहिलंय का हो?"

मग तुळईवरून बारीक आवाज आला.

"मी."

राणीनं वर बघितलं. पिंजऱ्यात ना दाणा होता, ना पाण्याची वाटी. जादूच्या पाखराला कसली भूक, म्हणून कोणी काही ठेवलंच नव्हतं. राजानं त्या दिवशीही रस्त्याला हाक दिली होती आणि त्याच्या पाठीमागे, त्याच्याच डोक्यावर, ही टांगलेली. पिसं झडली होती. छातीचं हाड वर आलं होतं.

"अगं माझे बाई," राणी म्हणाली. हात उंच करून तिनं पिंजऱ्याचं दार काढलं, भाकरी कुस्करली आणि तळहात पुढे धरला.

साळुंकी भाकरीकडे बघत राहिली. "कशासाठी देतेस?"

"तुला भूक लागलीय म्हणून."

"मी खाल्लं म्हणून शाप सुटणार नाही."

"नाही सुटला तर नाही."

"मला गाता येत नाही. उत्तर माहीत नाही. मी फक्त विचारते. माझा तुला काही उपयोग नाही."

"उपयोग कोण विचारतंय? खा."

साळुंकीचा आवाज कापू लागला. "मग मी कशासाठी?"

राणी म्हणाली, "तू कशासाठी नाहीस, पोरी. तू आहेस. भाकरी तुझ्यासाठी आहे."

साळुंकीनं चोच उघडली. आता पुन्हा विचारणार, असं राणीला वाटलं. पण तिनं विचारलं नाही. तिनं एक कण उचलला. मग दुसरा. मग मान खाली घालून ती भराभरा खाऊ लागली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी राणीच्या तळहातावर पडत होतं.

शेवटचा कण संपला आणि पिसं गळून पडली. उंबऱ्याशी एक मुलगी बसलेली होती, रोडकी, केस धुराच्या रंगाचे.

दगड उतरला. जयकेतूचं अडकलेलं हसू पुरं झालं. बाहेर कुंभाराचं चाक फिरलं, रहाट करकरला.

धुराची एक रेघ दारातून आत आली. धूम्रकेश उभा होता. "सुटला! सांगा, काय होतं उत्तर?"

ती मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मला पाखरू केलंत. दारोदार टांगलंत. जेवलीस का, म्हणून एकदा तरी विचारलंत?"

मांत्रिकाच्या केसांतला धूर निघून गेला आणि खाली नुसते पांढरे केस राहिले. तो तिथंच जमिनीवर बसला. मग म्हणाला, "जेवलीस का, बाळ?"

"आत्ता थोडं जेवले."

"ह्या दोघांना पान वाढा," राजा म्हणाला. त्याच्या हातात तो जुना घास अजून होता. तो त्यानं बाजूला ठेवला. ताज्या भाताचं शीत घेऊन बाळाच्या ओठांना लावलं. नव्या दातानं बाळानं राजाचं बोट चावलं.

"बघा," जयकेतू म्हणाला, "नाक आमचं, दात तुमचे!"

कोमेजलेलं कमळ पाण्यात ठेवल्यावर उमललं. ज्योत कोनाड्यात ठेवली, ती पेटली. किल्ली सांधून कोठाराला लावली, ती फिरली. सुख, ज्ञान आणि नेम आपापल्या जागी लागले.

त्या दिवसापासून त्या राज्यात हाक दोनदा देतात. आधी घराकडे तोंड करून, मग रस्त्याकडे.

राणीच्या हाकेला जशी आतून ओ आली, तशी तुमच्या हाकेला येवो. आणि तुम्ही उपाशी असाल, तर कोणीतरी वळून तुमच्याकडे बघो.