रुंद नेढ्याची सुई

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी किल्ल्यावर एक साधी रीत होती. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने दर दिवाळीला सुईत दोरा ओवून दाखवायचा. ज्या वर्षी ओवता येणार नाही, त्या वर्षी भाला खाली ठेवायचा आणि सुखाने घरी जायचं. पुढचं पोटापाण्याचं राजा बघत असे.

पुढे राज्यात पाळणे कमी हलू लागले आणि काठ्या जास्त टेकू लागल्या. पहाऱ्याला तरणी माणसं मिळेनात. अडचण खरी होती, नाही कोण म्हणतो? पण प्रधानाने ती कुणाला सांगितलीच नाही. त्याने गुपचूप सुई बदलली.

त्या दिवाळीला एक म्हातारा पहारेकरी मोठ्या आशेने सुई घेऊन बसला. त्याचे डोळे अधू झाले होते. जन्मभर पहाऱ्यामुळे बायकोचं तोंड त्याने दिव्याच्या उजेडातच पाहिलं होतं. उरलीसुरली नजर आहे तोवर चार दिवस तिच्याजवळ उन्हात बसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दोरा मात्र पहिल्याच झटक्यात आत गेला!

"वा! गरुडाची नजर आहे तुमची," प्रधान गोड हसून म्हणाला. "तुम्ही आहात म्हणून किल्ला आहे."

कधी कौतुक न करणारा माणूस गोड बोलू लागला, की आपण आधी कनवटीचे पैसे चाचपावेत. म्हाताऱ्याने सुई चाचपली. नेढं बोटाला चांगलंच मोठं लागलं. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती गोधड्या शिवायची.

"अवं, ती सुई नव्हं," ती म्हणाली. "पोती शिवायचा दाभण हाय त्यो! तुमची नजर न्हाई वाढली, भोक वाढलंय."

तेव्हापासून म्हाताऱ्याला कुणाचाच भरवसा वाटेना. डोळ्यांना दिसेना आणि मनाला पटेना. रोजची गवळण दूध घेऊन आली तरी तो तिला दहा प्रश्न विचारी.

एकदा दिवेलागणीला प्रधान एकटाच परगावाहून परतला. मागे लांडगे लागले होते.

"दार उघड! मी प्रधान आहे!"

"चोरबी असंच म्हनतो."

"अरे, माझं तोंड तर बघ!"

"तोंडं दिसत न्हाईत मला. दाभणाचं भोक तेवढं दिसतं."

प्रधानाने ती रात्र दरवाजाबाहेरच्या बाभळीवर काढली. सकाळी राजाने चौकशी केली, तेव्हा दाभणाची गोष्ट बाहेर आली. राजाने प्रधानाचं पद काढलं आणि त्याच्या हाती भाला दिला. जुनी सुई परत आणली. मग हात जोडून तो म्हाताऱ्यांना म्हणाला, "माणसं कमी पडताहेत. ज्याला झेपेल तो आणखी थोडं थांबेल का?" कितीतरी जण आपणहून थांबले.

आपला म्हातारा मात्र घरी गेला. बायको भर उन्हात अंगणात बसली होती. तो समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कोण हाय? तूच न्हवं?"

तिने त्याचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. आता तिचं तोंड त्याला फक्त चाचपताच येणार होतं.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, लक्षात ठेवा: जास्तीचे कष्ट मागायचे तर उघड मागावेत, गुपचूप माप बदलून घेतलेले माणसाचे दिवस कोणताही राजा परत देऊ शकत नाही.