मोरणी म्हशीची धुण्याची खोली

म्हशी घरं बांधून राहायच्या तेव्हाची गोष्ट. घरात चिखल येऊ नये म्हणून मोरणी म्हशीने सुगरण पक्षिणीकडून दाराशी छोटी खोली बांधून घेतली. तिथेच पाय धुवायचे, तिथेच कपडे. दगड, खुंट्या, दोरी, सगळं नेटकं बसलं.

खोली इतकी लखलखीत झाली की मोरणीला आत पाय टाकवेना. "अगं, ही घाण होईल! हिच्या अलीकडे अजून एक बांध."

तीही लखलखीत झाली. मग तिसरी, चौथी... असं करत खोल्या थेट डबक्यात पोचल्या. शेवटच्या खोलीत गुडघाभर चिखल होता. मोरणी त्यात ऐसपैस बसली.

सुगरण म्हणाली, "मोरणीबाई, आता तरी घरात चला."

मोरणी दचकली. "अशा पायांनी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"