मातीतले खडे आणि राणीचं मडकं

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सगुणी नावाची कुंभारीण राहायची. घरात नवरा केरबा, म्हातारी सासू आणि चार महिन्यांचं बाळ. बाळ कसलं, घुबडच ते! सगळी रात्र टक्क जागं. मग सगुणी दिवसभर पेंगायची. चाकावर बसली की चाकाबरोबर तिचं डोकंही गरगर फिरायचं.

केरबा विचारायचा, "काय गं, बरं नाही का?"

सगुणी म्हणायची, "काही नाही."

तिला म्हणायचं असायचं, मी दमलेय हो, घटकाभर बाळाला घ्या. पण म्हणायची नाही. मनात म्हणायची, एवढं ह्यांना दिसू नये?

आणि बरं का, त्या घरची माती मोठी विलक्षण. सगुणीनं शब्द गिळला की मातीत टप्पकन एक खडा पडायचा. मग ती खडे वेचत बसायची. जितके शब्द गिळायची तितके खडे वेचायची. सासू उंबऱ्यातून म्हणायची, "बयो, तोंडानं मूग गिळतेस आणि मातीत खडे पडतात. एकदा बोलून तर बघ!"

"हो आत्याबाई," सगुणी म्हणायची. की पडला आणखी एक.

मग एक दिवस राजवाड्यातून हुजऱ्या आला. केवढा त्याचा फेटा! म्हणाला, "राणीसाहेबांना एक मडकं हवंय. राजपुत्राच्या पाळण्याशेजारी टांगायला. पुनवेच्या आत. पाच गावच्या कुंभारांना जमलं नाही. महाराजांनी त्यांची चाकं उचलून नेली. तुला जमलं नाही तर तुझंही नेणार."

सगुणीनं आपल्या चाकाकडे पाहिलं. चाक गेलं तर खायचं काय? विचारावंसं वाटलं, मडकं कसलं? हवंय कशाला? पण एवढ्या मोठ्या फेट्याला विचारायचं कसं? ती म्हणाली, "हो हो, समजलं."

टप्प. टप्प. दोन खडे.

मग तिनं मोठं मडकं केलं. त्यावर वेलबुट्टी काढली. मोरही काढले. हुजऱ्या घेऊन गेला आणि परत घेऊन आला. "राणीसाहेब म्हणाल्या, छान आहे, पण हे नव्हे."

मग तिनं छोटं केलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. तेही परत आलं. "राणीसाहेबांनी नुसता उसासा टाकला. समजून घे की गं बाई!"

सगुणीनं आणखी चार शब्द गिळले.

पुनव उद्यावर आली. आता एकाच मडक्यापुरता वेळ उरला होता. सगुणी खडे वेचायला बसली आणि वेचता वेचता तिचा डोळा लागला. एक खडा राहून गेला. मडकं झालं, भाजायला आव्यात गेलं, आणि आतून आवाज आला, फट्! राख बाजूला करून बघते तर मडक्याच्या बुडाला भोक. ज्वारीच्या दाण्याएवढं.

सासू म्हणाली, "आता काय? लाख लावून बुजवशील आणि हो हो म्हणशील?"

खरं सांगू, तिच्या मनात तेच आलं होतं. पण लपवायलाही अंगात जोर लागतो. तेवढाही उरला नव्हता. तिनं मडकं डोक्यावर घेतलं, बाळ कडेवर घेतलं आणि निघाली राजवाड्याकडे.

केरबा म्हणाला, "येऊ का बरोबर?"

"काही न..." सगुणी थांबली. मग म्हणाली, "या. बाळाला घ्या. माझे हात भरून आलेत."

"अगं, मग आधी सांगायचंस!"

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

"तू म्हणायचीस काही नाही. मला वाटायचं, काही नाही."

तेवढ्यात घरातल्या मातीच्या गोळ्यातून एक खडा टुणकन बाहेर पडला.

राजवाड्यात राणी बसली होती. अंगावर शालू, गळ्यात हार, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. अगदी सगुणीसारखीच. सगुणी म्हणाली, "राणीसाहेब, मडकं बिघडलं. बुडाला भोक पडलंय. दुसरं करायला वेळ नाही. आणि तुम्हाला कसलं मडकं हवंय, ते मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही. मी उगीच हो म्हणाले. आता तुम्हीच सांगा, मडकं हवंय कशाला?"

हुजऱ्याचा फेटासुद्धा थरथरला.

राणी उठून उभी राहिली. "भोक? केवढं?"

"ज्वारीच्या दाण्याएवढं."

राणी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "माझ्या माहेरी पाळण्याशेजारी गळकं मडकं टांगायचे. खाली परात. टप, टप वाजायचं आणि आम्ही भावंडं झोपायचो. माझं लेकरू महिनाभर झोपलेलं नाही. पण राणीनं गळकं मडकं मागायचं कसं? लोक हसतील ना! म्हटलं, एखाद्या शहाण्या कुंभाराला आपोआप कळेल."

"कसं कळणार हो बाई? मडकं गळू नये म्हणून तर आम्ही जन्मभर झटतो!"

मग मडकं पाण्यानं भरून टांगलं. खाली परात ठेवली. टप. टप. टप. राजपुत्र झोपला. राणी झोपली. केरबाच्या खांद्यावर बाळ झोपलं. आणि सगुणी? ती खांबाला टेकली आणि तिथंच झोपली. राजानं सगळ्यांना सांगितलं, "कुणी उठवू नका." आणि पाचही कुंभारांची चाकं परत पाठवली.

घरी आली तर माती लोण्यासारखी मऊ झालेली. मग तिनं आपल्या बाळासाठीही एक गळकं मडकं केलं. रात्री बाळाला एकदा ती घ्यायची, एकदा केरबा. सगळी सुखानं राहिली.

संपली गोष्ट. आता डोळे मिटा. मला झोप आलीय. समजून घ्या म्हणत नाही, तोंडानं सांगतेय. टप. टप. टप.