तांबट आळीचे कान

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. एका राजाच्या नगरीत तांबट आळी होती. राजवाड्यातले हंडे, घागरी, पराती तिथेच घडायच्या. दिवस उगवला की हातोडे सुरू व्हायचे, ते मावळेपर्यंत. आळीतल्या माणसांना चाळिशीच्या आतच ऐकू येईनासं व्हायचं. केस पिकतात तसंच हे, असं समजून ती गप्प बसायची.

त्या आळीत येसू नावाची तांबटीण होती. नवरा गेल्यावर त्याचा हातोडा तिनेच उचलला. तिला स्वतःला कमीच ऐकू येई. त्याचं तिने कधी फार मनावर घेतलं नाही. पण एके दिवशी तिची लहानगी लेक मंजुळा कान धरून रडू लागली. मागून हाक मारली, तर वळेना.

नगरीत कानांचा नामांकित वैद्य होता. राजाने त्याला दवाखाना बांधून दिला होता, औषधही फुकट होतं. येसू लेकीला घेऊन गेली, दारावर नाव सांगितलं आणि अंगणात बसली. माणसं आली, औषध घेऊन गेली. सांजावलं तसा पहारेकरी दार लावू लागला.

“अन् आमचं काय?” येसूने विचारलं.

पहारेकरी जवळ येऊन ओरडला, “बाई, कितीदा नाव पुकारलं! तू उठलीच नाहीस.”

“अरे दादा, ऐकू आलं असतं, तर इथे कशाला आले असते?”

दिवस बुडाला, मजुरीही बुडाली. आळीत परतल्यावर येसूला कळलं, कितीतरी जण असेच हात हलवत परत आले होते. पुन्हा जायचं, तर पुन्हा काम बुडणार.

“मग काम तिकडेच नेऊ,” येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी ऐरणी-हातोडे घेऊन दवाखान्याच्या अंगणात जाऊन बसली आणि भांडी ठोकू लागली. थोड्याच वेळात वैद्य कानांवर हात दाबून बाहेर धावला.

“थांबवा! कान फुटतील माझे!”

हातोडे थांबले. येसूने मंजुळेला पुढे केलं. “वैद्यबुवा, तुम्हाला घटकाभर सोसवलं नाही. ही पोर यातच जन्मली, यातच झोपते.”

वैद्य गोरामोरा झाला. “तुमच्या आळीचं कुणी माझ्यासमोर कधी आलंच नाही. मला वाटायचं, तिथे सगळ्यांचे कान धडधाकट आहेत.”

“आलो होतो हो. तुमच्या दारातली हाकच आम्हाला ऐकू आली नाही.”

वैद्याने तिथेच बसून मंजुळेचा कान तपासला, औषध घातलं. मग तो येसूला म्हणाला, “चला बाई, हे राजाला तुम्हीच सांगा.”

भर दरबारात येसू बोलली, आणि राजाने मान खाली घालून ऐकलं. त्याने ऐरणींसाठी नदीकाठी मोकळी जागा दिली. घरं आणि ठोके वेगळे झाले. काम करणाऱ्यांच्या कानांत मेण लावलेला कापूस आला. वैद्य आठवड्याच्या बाजारादिवशी आळीतच बसू लागला. मंजुळेचा कान बरा झाला. येसूचं गेलेलं ऐकणं मात्र परतलं नाही.

त्या दसऱ्याला आळीने येसूला पालखीत बसवून नगरभर मिरवलं. पालखीचा पुढचा दांडा वैद्याच्या खांद्यावर होता.

तात्पर्य : औषध नुसतं असून भागत नाही; ज्याला हवं त्याच्यापर्यंत ते पोहोचवणं, हेही राज्याचंच काम.