दोन धाग्यांचं भांडण

झाडंझुडपंसुद्धा उलट बोलायची, त्या काळची गोष्ट. बुधीकाकीने रानातल्या केवणीच्या झुडपाची साल भिजवून दोन धागे काढले, मांडीवर एकेकाला पीळ भरला आणि दोघांची उलट्या अंगाने दोरी वळून पिशवी विणली. थोरल्या धाग्याला धाकटा मुळीच खपेना.

"सरक तिकडे! मी पीळ सोडून निघालोच!"

"जा की, मी पण निघालोय," धाकटा फणकारला.

तेवढ्यात ओढ्याला पाणी चढलं. पलीकडे चरायला न्यायचं म्हणून काकी शेळीच्या करडाला पिशवीत घालून पाण्यात उतरली.

करडू कळवळलं, "अरे, पलीकडे पोचेपर्यंत तरी भांडू नका!"

थोरला ऐकतोय कुठला! पीळ सोडायला त्याने जीव खाऊन हिसडा दिला, तर तो धाकट्यालाच घट्ट वेढा घालून बसला. धाकट्याचंही तेच झालं. दोरी आणखीच आवळली.

करडू पलीकडे कोरडं ठणठणीत उतरलं.

"भांडा रे भांडा," ते म्हणालं, "संध्याकाळी परत यायचंय."